पिठीची किटली

अख्ख्या मालवण तालुक्यात फॉर्मॅलीनच्या बाटलीत नाक खुपसून डोळ्यातून टिपूस न काढणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे मी. बाटलीत तेव्हा विहिरीचं पाणी होतं, हे मला मागाहून कळलं. मागाहून म्हणजे सगळ्यांना कळून झाल्यावर. माझी कळायची जागाच लहान. शाळेत चौथीपर्यंत गेलो, चौथीत दोनदा बसलो, आणि तिसऱ्यांदा बसायला गेलो तेव्हा गुरुजीच हात जोडून म्हणाले, "बाळग्या, त्या बाकड्याक तरी वायच इसावो दी रे."

आमचं घर दर्याला लागून. लाटांचा आवाज आम्हाला ऐकू येत नसे, तो फक्त मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ऐकू येई. आम्हाला ऐकू यायचं ते पहाटे आयेचं खोकणं, मग चुलीतल्या माडाच्या ओल्या चुडतांचं तडतडणं, मग भाईने वल्हं भिंतीवरून काढताना लागणारा ठोका. बापूस लवकर गेला. तेव्हा होडी भाईकडे आली, बाजार आयेकडे आला आणि माझ्याकडे ओकारी आली. खोटं नाही सांगत. सात पिढ्या दर्यात गेलेलं घराणं, आणि मला दर्या लागायचा. होडी अजून काठाला बांधलेली असायची, नुसती हलायची, तेवढ्यात मी ओकून मोकळा. भाई माझा सख्खा भाऊ, माझ्याहून बराच मोठा. तो बाकीच्यांना सांगायचा, "आमी म्हावरां पकडतंव, आमचो ओकऱ्या तेंका खावक घालता." सगळे हसायचे. मीपण हसायचो. हसलो नाही तर अजून दोन दिवस तेच चालायचं.

म्हणून आयेने कुणाकुणाच्या पाया पडून मला एका कॉलेजात चिकटवला. कॉलेजचं नाव नको, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. काम काय, तर फरशी पुसायची, काचसामान धुवायचं, तासातासाला बाहेर जाऊन घंटा द्यायची आणि कपाटातल्या बरण्यांवर लक्ष ठेवायचं. बरण्यांत मासे. मेलेले, औषधात बुडवलेले, न हलणारे मासे, आणि पायाखाली फरशी. ही नोकरी देवाने माझं पोट बघूनच काढली असणार.

सर घाटावरचे. शाकाहारी. जिवंत कुर्ली, म्हणजे खेकडा, बघितली की स्टुलावर चढायचे, पण बरणीतल्या मासळीवर लेकरासारखी माया. पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या मोठ्या तपकिरी बाटलीपुढे उभा केला. म्हणाले, "हे फॉर्मॅलीन. हे मासा कुजू देत नाही, कारण हे मांस घट्ट करून टाकतं. मेलेल्या माशाचं करतं तसंच जिवंत माणसाचंही करतं. त्याला फरक कळत नाही." मग एकेक गोष्ट करून दाखवली. लाल रबरी हातमोजे घालायचे, मोज्याला भोक नाही ना ते फुगवून बघायचं. डोळ्यांवर चष्मा. खिडक्या उघड्या, आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं. हे मला लगेच समजलं, होडीवरून लघवी करताना हेच ज्ञान लागतं. एक भाग औषध, नऊ भाग पाणी. सांडलं तर पसरू द्यायचं नाही, अंगावर उडालं तर नळाखाली धरायचं आणि आपल्याला पुरे वाटलं तरी धरून ठेवायचं. बाटलीवर नावाची चिठ्ठी पाहिजेच. "आणि खाण्यापिण्याच्या भांड्यात हे कधीही, कधीही ओतायचं नाही," सर म्हणाले. "वास घ्यायचा नाही. वास आला म्हणजे ते तुझ्या आत गेलं."

मी सगळं पाठ केलं. चौथी पाठ झाली नाही, हे झालं. का, तर पहिल्यांदा कुणीतरी मला अशी वस्तू हातात दिली होती की जी चुकीच्या माणसाच्या हातात देत नाहीत. भाईच्या जाळ्यात एकदा हातभर मोरीचं पिल्लू आलं होतं. मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क, तिखलं करायला झकास. आयेच्या हातापाया पडून मी ते वाचवलं, म्हणजे मेलेलंच होतं, तिखल्यापासून वाचवलं. सरांनी स्वतः ते बरणीत घातलं आणि चिठ्ठीवर खाली माझं नाव लिहिलं. बाळकृष्ण. घरच्या रेशनकार्डावर सोडलं तर माझं अख्खं नाव लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

रात्री जेवताना मी हे सगळं घरी ओतायचो. आये भात वाढता वाढता म्हणायची, "आधी भायर न्हा. मड्याचो वास येता तुका." मी नारळाच्या सोडणाने अंग घासून, माडाखाली कळशी ओतून परत यायचो आणि परत सुरू. एकदा सांगितलं, आमच्या कपाटात एक सरंगा आहे, सर म्हणतात तो त्यांच्या आधीच्या सरांच्या आधीचा आहे, आणि त्याचं एक खवलं गळलेलं नाही. भाई बांगड्याचा काटा काढत होता. त्याचा हात थांबला.

"एक खवलां नाय?" भाईने विचारलं.

"डोळोसुद्धा तसोच," मी म्हटलं.

भाईने मला एक प्रश्न विचारला आणि माझं उत्तर ऐकून घेतलं, हे असं याआधी झालं नव्हतं. मी त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली.

तेव्हा पाऊस उघडलेला, दसऱ्याआधीचा उकाडा. बर्फ पुरत नव्हता, मासळी न्यायला येणारी गाडी वेळेवर येत नव्हती, आणि वाळूवर पाट्या भरून ठेवलेलं म्हावरं दुपारपर्यंत मऊ पडायचं. व्यापारी बोटाने दाबून बघायचा आणि मान हलवून पुढे जायचा. मला याची खबर होती, पण ती दर्यावरची भानगड, आणि मी झालो होतो विज्ञानाचा माणूस.

एक दिवस दुपारी प्रयोगशाळेच्या दारात भाई उभा. अंगात धुतलेला सदरा, हातात आमच्या घरातली झाकणाची जर्मनची किटली.

"पिठी हाडलंय," तो म्हणाला. "आये म्हणता, तू सुकलस. गरम आसा तवसर खा."

"माझ्यासाठी?"

"नाय तर काय त्या मोरयेसाठी?"

कुळथाची पिठी, वर कोकम, वास नाकात बसेल अशी लसणाची फोडणी. मी मागच्या, विहिरीकडच्या पडवीत बसून ओरपली. भाई समोर बसला. बरण्यांकडे बघून म्हणाला, "तुझा काम खरांच जोखमीचा हां." जन्मात ज्याने ओकऱ्या सोडून हाक मारली नव्हती तो माणूस माझ्या कामाला जोखमीचं म्हणत होता. तेवढ्यात तासाची वेळ झाली. भाई म्हणाला, "तू जा, घंटा देवन ये. मी बसतंय हंय. मास्यांवर लक्ष ठेवतंय."

"पळाचे नाय मां ते," मी म्हटलं, आणि दोघे हसलो. बरोबरीने हसलो.

मग तो येतच राहिला. रोज नाही, पण होडी लवकर लागली की यायचा. मी खायचो, घंटा द्यायला जायचो, घंटा जरा लांबवूनच द्यायचो, त्याला ऐकू जावी म्हणून. परत येईपर्यंत तो किटली उचलून वाटेला लागलेला असे. आता मला आठवतं की जाताना किटली त्याच्या हातात येतानासारखीच जड लोंबायची. तेव्हा मला फक्त त्याची पाठ दिसायची आणि वाटायचं, माझा भाई चालला.

त्याच दिवसांत माझ्या अंगी ती विद्या आली. बरणीतलं औषध कमी झालं की मी मोठ्या बाटलीतून मापून काढायचो. आधी झाकण उघडलं की डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. हळूहळू चुरचुर थांबली. मी ठरवलं, अंगात मुरलं. हातमोजे विसरलो, खिडकी विसरलो, आणि कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर सांगत सुटलो की सरांना चष्मा लागतो, मला लागत नाही. पोरं खरं की खोटं बघायला आली तर बाटलीत नाक घालून दाखवायचो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. विहिरीच्या पाण्याचा वास घेऊन टाळ्या मिळवणारा मीच.

घरी मात्र उलटंच. अंग घासघासून लाल केलं तरी तो वास जाईना. आयेच्या पाट्यांजवळ बसलो की यायचा, आयेच्या पदराजवळ यायचा. मी स्वतःला हुंगायचो, सदरा उकळायचो. आये म्हणायची, "मेल्या, तुझ्या वासान माझ्या पाट्येक वास लागलो." आणि माझं तोंड आलं होतं. जीभ सोललेली, कशाला चव नाही. मी ते पानाच्या चुन्यावर ढकललं. आयेला मात्र एका गोष्टीचं नवल वाटायचं. किटली घरी यायची ती राखेने घासून चकचकीत. "भाई कधीपास्ना भांडी घासूक लागलो?" ती म्हणायची, आणि पोटचा मोठा झील शहाणा झाला म्हणून मनातून सुखावायची. आमच्या घरात पुरुषाने भांडं घासलं होतं, आणि आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही शंका आली नाही.

दिवाळीच्या सुटीआधी माझी मोरी फुटली. फुटली म्हणजे बरणीत गढूळ झाली, पोट फुगलं, झाकण उचललं गेलं आणि वर्गभर असा वास सुटला की मुली बाकं सोडून पळाल्या. शेजारच्या दोन बरण्यांचीही तीच गत. सरांनी चिमट्याने मोरीचं पोट दाबून बघितलं.

"बाळकृष्ण, प्रमाण बदललंस का?"

"नाही सर. एकास नऊ. भराडीआईची शपथ."

सरांनी मोठी बाटली उघडली, हाताने वास नाकाकडे ओढला. मग हळूच नाक आणखी जवळ नेलं. "झोंबत नाही," ते म्हणाले.

"सवय झाली सर. मलापण नाही झोंबत."

"मला कसली सवय? मी ही बाटली उघडतो कधी?" त्यांनी बाटली उजेडात धरली. "इथे कोण येतं?"

"कोणी नाही, सर. भाई येतो, पिठी घेऊन."

सर नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला आवडली नाही, म्हणून मी खुलासा केला. "तो माझा सख्खा भाऊ आहे, सर. त्याला हल्ली मी आवडायला लागलोय."

सरांनी बाटलीचं झाकण लावलं. म्हणाले, सुटीवरून आल्यावर प्राचार्यांना सांगावं लागेल, आणि तोवर मी आठवून ठेवावं. नोकरी जाणार हे मला कळलं. चोर म्हणून जाणार हेही कळलं. कोणाऐवजी जाणार, ते नाही कळलं.

दिवाळीला आम्ही पहाटे तुळशीपुढे कारीट फोडलं, त्या कडू फळाची बी जिभेला लावली, आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा चव लागली. कडू तर कडू. किटली बंद होऊन आठवडा झाला होता, पण तेव्हा ते कुणी मोजलं! उटणं लावून आंघोळ, नवा सदरा, पाच जातीचे पोहे. मग सण उलटल्यावर आयेची पाटी उचलायला म्हणून मी बाजारात गेलो. चाकरमानी आलेले, म्हावऱ्यावर झुंबड. आये आपल्या फळीवर बसलेली, पुढे बांगडे आणि सरंगे, आदल्या दिवशीचे असून टणक. शेजारच्या बाईच्या फळीवर माशा घोंघावत होत्या. आयेच्या फळीवर एक नव्हती.

मी वाकलो आणि डोळ्यातून घळाघळा पाणी.

माझ्या त्या कमावलेल्या डोळ्यांतून! नाक वाहायला लागलं, घसा धरला. सदरा नवा. अंगाला उटण्याचा वास. कॉलेज बंद. मी परत वाकलो, परत पाणी. समोरची मुंबईची बाई घाबरली. "मावशी, तुमचा मुलगा रडतोय का?"

"तेचा कायय मनार घेव नको गो," आये म्हणाली. "तो लहानपणापास्ना तसोच. तू सरंगो घे. उद्यापरयात कायएक होवचा नाय. माझ्या झिलाचा औषध आसा तेका." आणि तिने कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "कॉलेजात आसा तो."

मी विचारलं, "आये, कसला औषध?"

"असो काय इचारतस? तूच भाईकडे दिलंस मां, आवशीसाठी म्हणान. बर्फाच्या पाण्यात घालूचा. मी तुझ्या नावान सगळ्यांका सांगतंय."

तेव्हा मी तिचे हात बघितले. रोज त्याच हातांनी वाढलेलं खात होतो आणि बघितले नव्हते. बोटं पांढरी, उकडल्यासारखी, कातडी कडक होऊन सांध्यावर तडकलेली. हातमोजे, चष्मा, पाठीवर वारा, सगळं मला शिकवलं होतं. तिला फक्त माझं नाव सांगितलं होतं.

मी तिला मनगटाला धरून उठवली आणि बाजारातल्या नळाखाली हात धरले. ती ओरडत होती, "सोड रे, गिराईक जाता, पिसाळलस काय?" मी सोडले नाहीत. पुरे वाटलं तरी धरून ठेवायचं. सगळा बाजार बघत होता, आणि मी रडत होतो की डोळे झोंबत होते हे मला आजही सांगता येणार नाही. "आये, तां इकू नको," मी एवढंच म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग जाऊन तिने पाटीवर गोणपाट ओढलं आणि त्या बाईला म्हणाली, "बाय, आज नाय." वर्षातला सगळ्यात मोठा बाजार होता तिचा. एक प्रश्न विचारला नाही. विहिरीपासून लांब, माडांच्या पलीकडे मी खोल खड्डा काढला आणि सगळं पुरलं. आधीच्या दिवसांत काय काय कुणाच्या ताटात गेलं असेल, तो विचार पुरता आला नाही. तो अजून वर आहे.

भाई वाळूवर जाळं शिवत बसला होता. मी रस्त्याने मोठमोठी वाक्यं जुळवत आलो होतो. तिथे गेल्यावर तोंडातून निघालं, "भाई, किटली."

"घासून देय होतंय मां!" भाई लगेच म्हणाला.

किटलीतलं मी अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं. जी किटली पिठी घेऊन यायची ती काय घेऊन जायची, आणि दुसऱ्या दिवशी मी कशातून ओरपायचो, ते मला त्याच्या त्या उत्तरातूनच कळलं. माझ्या पोटातले जंतसुद्धा त्या दिवसांत बरणीत मांडण्यासारखे झाले असतील.

"आयेचे हात बघलंस?" मी म्हटलं.

"बर्फान जातत तसे."

"बर्फान नाय, भाई."

त्याने सुई वाळूत रोवली. "मगे काय करू? बर्फ गावना नाय, गाडी येना नाय, जीव घालून हाडलेलां डोळ्यांदेखत मऊ पडता. तूच सांगलंस मां, बरणीतलो सरंगो वर्सांनवर्सां तसोच रवता म्हणान?"

"तो सरंगो कोण खायना नाय, भाई."

भाईने वाळूतली सुई उपटून परत जाळ्यात घातली. मी निघायला हवं होतं. पण मी ओकऱ्या, पोटात काही राहत नाही. मी विचारलं, "एक सांग. एक दिस तरी नुसतो इल्लंस? माका बघूक?"

भाईने दोरा दातांनी तोडला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सूत सोपला. घरातसून दुसरां हाड."

आणि मी गेलो, आणि सूत आणून दिलं.

भाई आता म्हातारा झालाय, आमच्या कुडाच्या पलीकडेच राहतो. होडी पोरांकडे. अधूनमधून सुकट पाठवतो, मी घेतो. हल्ली मोबाईलवर मासळीला औषध मारतात त्याचे व्हिडिओ येतात, तो मला कधी दाखवत नाही, मी त्याला कधी दाखवत नाही. त्या गोष्टीवर आम्ही दोघे पुन्हा बोललेलो नाही. पिठी मात्र मी त्यानंतर खाल्लेली नाही. वास आला की जीभ सोलते, मनातच.

सर आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी प्राचार्यांकडे माझ्या बाजूने शब्द टाकला, चोर कुणी म्हणालं नाही. आयेचे हात डॉक्टरला दाखवायला सांगितले. कातडी भरून यायला पुढचे कितीतरी बाजार गेले, बोटांची टोकं तर बधिर ती बधिरच राहिली, गरम भांडं तिला कळायचं नाही. मग सरांनी हात पुढे केला आणि प्रयोगशाळेची किल्ली मागितली. रागाने नाही. मोरीच्या बरणीवरची चिठ्ठी सोलून टेबलावर ठेवली होती, तीही मला परत दिली. म्हणाले, "घंटा तुझ्याकडे राहू दे."

त्या संध्याकाळी आये पडवीत बसली होती, हात मांडीवर उताणे. मी तिच्या भेगांत मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, गरम करून भरत होतो आणि तोंडाने माझं चाललं होतं. सख्ख्या भावाने दगा दिला. माझं नाव वापरलं. माझी नोकरी, माझी मोरी, माझी किल्ली. केवढा डाव रचला, किती दिवस, किती गोड बोलून, असा डाव की भलाभला फसला असता. चांगलं रंगवून सांगितलं. गळा पण भरून आणला.

आयेने सगळं ऐकून घेतलं. मग बोटं वळतात का ते बघत म्हणाली, "डाव खंयचो रे मेल्या? बांगड्याक धरूक निदान जाळां टाकूचा लागता. तू पिठयेर गावलंस."